वाफेतलं गोंदण

अण्णा चष्मा पुसण्याआधी काचेवर ‘हाः’ करत. त्यात विशेष काही नाही, ते सगळेच करतात. पण अण्णा स्टीलच्या पेल्यावरही ‘हाः’ करत. बसच्या खिडकीवर, वाण्याच्या पितळी पारड्यावर, पोस्टातल्या काउंटरच्या काचेवर. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात धरून त्यांच्या घड्याळावर केलं होतं. वाफ धरली की मान तिरकी करून ती विरेपर्यंत पाहत राहत. चेहरा असा व्हायचा, की लांबच्या खोलीत कुणी गातंय आणि ते यांना एकट्यालाच ऐकू येतंय.

“काय दिसलं, अण्णा?”

“कुणीतरी इथं अंगठा ठेवला होता. तो गेला आपल्या घरी. पण काचेला अजून आठवतंय.”

आमच्या संस्थेत अण्णांची एक गोष्ट आजही सांगतात. परवा एका निरोप समारंभात ती मी पुन्हा ऐकली. सांगणारा तरुण त्या काळी शाळेत असेल. एक म्हातारे शास्त्रज्ञ होते, त्यांना प्रयोगाच्या वस्तूंवर तोंडाची वाफ सोडायची खोड होती, आणि एकदा थेट दिल्लीच्या समितीसमोर त्यांचा सगळा प्रयोग त्यांच्याच थुंकीनं बिघडला. सगळे हसले. मीही हसलो. घरी परतताना रिक्षात लक्षात आलं, की या गोष्टीचा पहिला सांगणारा मी आहे आणि ती खोटी आहे.

म्हणून आता खरं काय ते लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगळुरूला आलो. आधी वेष्टनाच्या प्लास्टिकचा कारखाना, मग ही संशोधन संस्था. अण्णा तिथं माझ्या आधीपासून होते. वयानं मोठे, विद्वत्तेनं मोठे, फक्त कागदावर प्रकल्पाची व्यवस्था माझ्याकडे. ते जन्मानं बंगळुरूचे. “आमचे पूर्वज घोड्यावर बसून आले,” ते सांगत. “घोडे मेले, आम्ही राहिलो.” तीनशे वर्षांत त्यांच्या मराठीत कन्नड अशी मुरली होती, की वेगळी काढता येत नव्हती. काम जमलं की ‘सरी’, थांबायचं असलं की ‘स्वल्प थांबा’. मला ते नावानं कधी हाक मारत नसत.

“ओ पुणेकर, तुमची मराठी इस्त्रीची. आमची घडी मोडलेली. पण झोपायला कुठली बरी, सांगा?”

झोप हा त्यांचा आवडता विषय होता. प्लास्टिकसुद्धा झोपतं, असं त्यांचं म्हणणं होतं. साध्या प्लास्टिकला पाणी नकोसं असतं, थेंब टाकला तर तो मोत्यासारखा घरंगळतो. त्याच्या पृष्ठभागावर तीव्र उजेडाची किंवा विजेची प्रक्रिया केली की तेच प्लास्टिक पाण्याला जवळ घेतं. पण काही दिवसांनी पाहावं तर थेंब पुन्हा घरंगळू लागलेला. आम्ही याला मोठमोठी नावं द्यायचो. अण्णा म्हणायचे, “वरच्या साखळ्यांनी कूस बदलली. उघड्यावर झोपलेलं माणूस थंडी वाजली की पोटाशी पाय घेतं ना, तसं. त्याला काही दिलंत तर ते विसरणारच. मात्र कुणाचा हात त्याच्या हातात देऊन ठेवलात, तर विसरणार नाही. हात धरून कूस बदलता येत नाही.”

हात धरायला लावणं, हेच आमचं काम होतं. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर बारीक भोकांची धातूची जाळी ठेवायची, एक द्रव सोडायचा आणि वरून अतिनील दिवा लावायचा. जिथं उजेड पोचेल तिथं फिल्मवर एक अदृश्य लव उगवायची. त्या लवेला रोग ओळखणारे रेणू चिकटवायचे. मग अख्खी फिल्म पातळ दुधात बुडवायची, म्हणजे उरलेल्या जागा दुधानं भरतात आणि तिथं दुसरं काही चिकटत नाही. त्यानंतर आजारी माणसाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग तिच्यावर टाकायचा, धुवायचा, रंग टाकायचा. विषमज्वर असेल तर जाळीतलं चित्र निळं उमटेल. नसेल तर काहीच नाही.

साधा ठिपका का नको, असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

“ठिपका शाईचाही पडतो,” अण्णा म्हणाले. “खेड्यातली नर्स बिचारी ठिपक्याकडे बघून काय ठरवणार? चित्र चुकून पडत नाही.”

चित्र त्यांनी घरातूनच आणलं होतं. चामराजपेटेत ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. ते तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हणे. अक्कांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, हिरवट ठिपक्यांची तुळशीची फांदी गोंदलेली होती. तीच अण्णांनी जाळीसाठी उतरवून घेतली.

“गोंदणारीण आली तेव्हा मी एवढीशी होते,” अक्का मला सांगत होत्या. “सुई टोचली आणि मी असं भोकाड पसरलं, की सगळी गल्ली गोळा झाली. आणि हा म्हणतो उजेडानं गोंदतो! प्लास्टिकला काय, रडता येत नाही. घ्या, स्वल्प कॉफी घ्या.”

त्या आत गेल्यावर अण्णांनी कॉफीच्या पेल्यावर ‘हाः’ केलं आणि हळू आवाजात म्हणाले, “ती रडत होती तेव्हा आमचा धाकटा भाऊ तिच्या मांडीवर होता. तो होसकोट्याला, मामाकडे, तापात गेला. कसला ताप ते कळायला रक्त शहरात पाठवलं होतं. उत्तर आलं ते तेराव्याच्या जेवणावर.” एवढंच बोलले. पुढं सगळ्या वर्षांत त्यांनी हा विषय काढला नाही. पण निळ्या फांदीची त्यांना घाई का होती, ते मला तेव्हापासून माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

जाळी पीण्या या उद्योगवसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात करून घेतली. तिथं यंत्रांवर लावायच्या नावाच्या पट्ट्या आम्लानं कोरत. मालकानं नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि अण्णांना कन्नडमध्ये विचारलं, “स्वामी, हे कुठल्या देवीचं यंत्र?”

“अक्काचं,” अण्णा म्हणाले.

त्यानं हात जोडले. आठवड्यानं आम्ही गेलो तेव्हा जाळी तयार होती, केसासारखी बारीक भोकं, एकही चुकलेलं नाही, आणि वर मधोमध कुंकवाचं बोट. भोकांतलं ते कुंकू काढताना माझी सकाळ गेली. अण्णा शेजारी बसून हसत होते. “घासू नका हो फार, पुणेकर. प्रसन्न झाली तर आपलंच काम सोपं.”

ती वर्षं मला आता स्वप्नासारखी आठवतात. सकाळी संस्थेच्या आवारात धुकं असे. त्यातून अण्णा स्वेटर, कानटोपी आणि हातात दुधाची पिशवी घेऊन येत. दिवा लागला की दाराच्या फटीतून जांभळी रेघ बाहेर पडे. आणि फिल्म तयार झाली की ते ती खिडकीशी नेत, तोंडासमोर धरत आणि ‘हाः’ करत. त्या कोऱ्या, काहीच नसलेल्या फिल्मवर वाफेत तुळशीची फांदी उभी राहत असे. जिथं लव तिथं वाफ नितळ पसरे, बाकी जागी धुरकट बसे. दोन श्वासांत ती फांदी विरून जाई. जणू कुणी खिडकीपाशी येऊन आत डोकावून गेलं. दुधात बुडवलेल्या फिल्मवर ती फिकी दिसे, पण दिसे. आमच्याकडे तिला पाहायची दुसरी झटपट रीत नव्हती.

मला मात्र त्याची किळस यायची. मी नीटनेटका माणूस आहे. टेबलावर पेन्सिली उतरत्या क्रमानं लावतो. “अण्णा, तोंडात हजार गोष्टी असतात,” मी म्हणे. “थुंकीचा एक कण पडला तर?”

“मी फुंकत नाही हो, वाफ देतो. फुंकण्यात आणि वाफ देण्यात फरक आहे. आई बाळाच्या डोळ्याला पदराची ऊब देते, तेव्हा काय थुंकते?”

दुसरी माझ्या डोळ्यांत सलणारी गोष्ट म्हणजे कोपरा. फिल्मच्या दोन बाजू दिसायला अगदी सारख्या, आणि रेणू लावलेले एकाच बाजूला. म्हणून अण्णा प्रत्येक आयताकृती तुकड्याचा एक कोपरा कात्रीनं तिरका उडवत. उभा तुकडा धरला आणि कापलेला कोपरा उजवीकडे वर आला, की फांदीची बाजू आपल्याकडे. कात्री त्यांच्या घरची, बोथट. कोपरे कसेही कापलेले, कुरतडल्यासारखे.

मग दिल्लीच्या समितीची भेट ठरली. प्रकल्प पुढं चालवायचा की नाही, हे ती ठरवणार होती. अण्णा निवृत्तीला टेकलेले. प्रकल्प चालला तर त्यांना मुदतवाढ, नाहीतर घर. मी त्यांना आठवडाभर आधी बजावलं, “पाहुण्यांसमोर ‘हाः’ करायचं नाही. हसतील ते. कबूल?”

अण्णांनी हातातली फिल्म ताटलीत ठेवली. मग म्हणाले, “सरी. तुमच्या शब्दाबाहेर नाही.”

आदल्या दुपारी ते बँकेत गेले होते. तयार फिल्म ताटलीत वाळून पडल्या होत्या, कुरतडलेल्या कोपऱ्यांच्या. मला वाटलं, पाहुण्यांसमोर हे असं ठेवायचं? मी कागद कापायचं पातं घेतलं आणि एकेका तुकड्याच्या कडा छाटून चारही कोपरे काटकोनात आणले. बाजू बदलू नये म्हणून एकावर एक नीट रचत गेलो. शेवटचा तुकडा ठेवला आणि गेलेली वीज आली. डोक्यावरचा पंखा सुरू झाला, आणि सगळ्या फिल्म उडाल्या. टेबलावर, खुर्चीखाली, जमिनीवर, सुकलेल्या पानांसारख्या.

मी त्या गोळा केल्या. चारही कोपरे सुरेख. कुठली बाजू कुठली, सांगायला काही उरलं नव्हतं.

एक उपाय होता आणि तो माझ्या फुप्फुसात होता. खोलीत कुणी नव्हतं. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना ‘हाः’ केलं असतं तर झालं असतं. किंवा अण्णा आल्यावर त्यांना सांगायचं, त्यांनी हसत हसत ते केलं असतं. मी एक तुकडा तोंडापर्यंत नेलाही. पण ज्या गोष्टीवरून मी त्या माणसाला इतके दिवस बोललो, ती स्वतः करायची लाज वाटली. अंदाजानं बाजू ठरवून मी तुकडे काचपट्ट्यांवर दुहेरी टेपनं बसवले. अण्णा परतले तेव्हा ओळीनं मांडलेल्या त्या काचांकडे पाहून म्हणाले, “वा! लग्नाचं रुखवतच मांडलंत की.” कोपरे नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. “कोपरे कुठं गेले?”

“सगळ्यांची बाजू वर ठेवली आहे,” मी म्हणालो.

“सरी,” ते म्हणाले, आणि निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी स्वतः एक काच निवडली. अण्णांनी विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तातला थेंब टाकला, धुतला, रंग टाकला. ते हळू आवाजात समजावून सांगत होते, ठिपका चुकून पडतो, चित्र चुकून पडत नाही. पाहुण्यांनी चहा घेतला. फिल्म कोरीच राहिली. अण्णा वाकून पाहत होते. फांदी नाही, पान नाही, निळ्याचा मागमूस नाही.

मग त्यांनी ती काच उचलली आणि सवयीनं तोंडाजवळ नेली. ओठ उघडले. आणि तसेच थांबून माझ्याकडे पाहिलं.

एक श्वास, एवढंच काम होतं. वाफ सगळीकडे सारखी धुरकट बसली असती आणि त्यांना तत्काळ कळलं असतं, की ही पाठ आहे. मी मान हलवली. नाही म्हणून.

अण्णांनी ओठ मिटले आणि काच खाली ठेवली.

“डॉक्टर, काय झालं असावं?” अध्यक्षांनी विचारलं. अण्णा अजून काचेकडेच पाहत होते. सगळे माझ्याकडे वळले, आणि मी हसून म्हणालो, “आमच्या अण्णांना फिल्मवर तोंडाची वाफ सोडायची सवय आहे, सर. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत. त्यानंच बिघडली असणार.”

खोलीतला ताण सुटला. कुणीतरी म्हणालं, “म्हणजे शास्त्रज्ञांचीच चाचणी झाली!” हशा झाला. दुसरी काच करून पाहायला वेळ नव्हता, जेवण थांबलं होतं. अण्णाही हसले, पण सगळ्यांच्या नंतर, आणि थोडं विचारल्यासारखं.

ते सगळे जेवायला गेल्यावर मी आवराआवर करायला मागं राहिलो. ती फिल्म काचेवरून सोलून काढली. टेबलावर कुणीतरी न प्यायलेली कॉफी ठेवली होती, गरम. फेकण्यासाठी फिल्म तिच्यावरून नेली तेव्हा खालून वाफ लागली. आणि फिल्मच्या खालच्या, काचेला चिकटवलेल्या बाजूवर तुळशीची फांदी उभी राहिली. फिकी, पूर्ण, एकही ठिपका न चुकलेली.

ती मी खिशात टाकली. बाकीच्या काचा कचऱ्यात टाकल्या, अण्णा परत यायच्या आत. हा माझा दुसरा अपराध.

प्रकल्प बंद झाला. मला वेष्टनांचा विभाग मिळाला. अण्णा काही महिन्यांनी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी तोच विनोद पुन्हा सांगितला. तोवर तो संस्थेचा झाला होता.

मी बरीच वर्षं त्यांच्याकडे गेलो नाही. गेलो ते अण्णा वारल्याचं कळल्यावर. दशक सरत आलं होतं. अक्का सोप्यात बसल्या होत्या, हात मांडीवर, फांदी वर.

“जेवलात का?” त्यांनी आधी तेच विचारलं. मग म्हणाल्या, “तुमची आठवण काढायचा हो. म्हणायचा, पुणेकर शहाणा माणूस, मला आधीच सांगत होता. मीच ऐकलं नाही.”

“कसलं?”

“ते तोंडाच्या वाफेचं. त्या दिवशी घरी आला आणि मला म्हणाला, अक्का, माझ्या तोंडानं बिघडलं गं. त्यानंतर कधी केलं नाही त्यानं. चष्मासुद्धा कोरड्या फडक्यानं पुसायचा. मी म्हणायची, अरे कर की, घरात कोण बघतंय? तर मान हलवायचा. नाही म्हणून.”

मी तोवर समजत होतो, की अण्णांची मुदतवाढ मी घेतली, नाव घेतलं. यापलीकडे काही घेतलं असेल असं मनात आलं नव्हतं. काचेवरचा अंगठा, पेल्यावरची बोटं, येऊन गेलेली माणसं ज्यातून त्यांना दिसत, तो श्वासच मी घेतला होता. आणि ते मला शहाणा म्हणत गेले.

त्या वेळी अक्कांना सांगायला हवं होतं. त्यांनी कॉफी आणली, मी ती प्यायलो, आणि सांगितलं नाही. आता अक्काही नाहीत.

काल दुपारी मी कपाटातून ती फिल्म काढली. इतक्या वर्षांनी थोडी पिवळट झाली आहे, कडा मात्र अजून सरळ. खिडकीशी उभा राहिलो. दोन्ही बाजू सारख्याच. सून म्हणाली, “बाबा, काय शोधताय?” मी तिला थांब म्हणालो. मग फिल्म तोंडासमोर धरली आणि या वयात, आयुष्यात पहिल्यांदा, ‘हाः’ केलं.

एक बाजू नुसती धुरकट झाली. मी ती उलटवली आणि पुन्हा श्वास सोडला.

फांदी आली. इतकी अस्पष्ट, की आधी डोळ्यांवर विश्वास बसेना. पण चित्र चुकून पडत नाही. ती विरली, तसा मी पुन्हा श्वास दिला, ती पुन्हा आली. हात धरून ठेवला होता, कूस बदलली नव्हती.

मग मी सुनेकडून कात्री मागून घेतली, फिल्म उभी धरली आणि उजवीकडचा वरचा कोपरा तिरका कापला. तो थोडा कुरतडल्यासारखा झाला आहे. तसाच राहू दिला.

फिल्म आणि हे लिखाण मी संस्थेत नेऊन देणार आहे. अण्णांची गोष्ट सांगून ज्यांना हसायचं असेल, त्यांनी आधी ती खिडकीशी न्यावी, कापलेला कोपरा उजवीकडे वर धरावा, आणि तिच्यावर ‘हाः’ करावं. फुंकू नये. वाफ द्यावी.